आजी तेच तेच का विचारते

सई,

काल फोनवर आजी परत परत 'जेवलीस का गो' विचारत होती आणि तू वैतागून 'आत्ताच सांगितलं ना' म्हणालीस, ते ऐकलं मी. रागावले नाहीये, पण तिच्या डोक्यात काय चाललंय ते लिहिते, तू इंजिनिअरिंगवाली, तुला आकार-बिकार पटकन कळतील.

टाऊ नावाचं प्रोटीन आपल्या सगळ्यांच्याच मेंदूत असतं. पेशीच्या आत ज्या बारीक नळ्यांवरून, म्हणजे मायक्रोट्यूब्यूलवरून, मालाची ने-आण चालते त्यांना ते धरून ठेवतं. आजीला झालाय त्या अल्झायमरमध्ये त्याला फॉस्फेट जास्त चिकटतात, ते तिथून सुटतं आणि एकमेकांनाच चिकटायला लागतं, आणि तेही कसंही नाही हां! रेणूचा मधला भाग सी अक्षरासारखा वळतो, त्यावर तसाच दुसरा, त्यावर तिसरा, आपल्या जुन्या घराचे अर्धगोल नळे उतरवल्यावर परसात चळत लावतात ना, तसंच. अशा दोन चळती एकत्र पीळ घेतात, झाला एक धागा. पीळ 1963 मध्येच दिसला होता, पण आतली घडी 2017 मध्ये केंब्रिजच्या लॅबने क्रायो-ईएमने (नमुना गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने बघतात ते) दाखवली, आजार असलेल्या एका 74 वर्षांच्या बाईच्या मेंदूतल्या धाग्यांवरून. पिक्स डिसीज म्हणून मेंदूचा दुसरा आजार आहे, त्यातपण हेच टाऊ, घडी मात्र वेगळी.

पेशींच्या बाहेर साठतं ते दुसरंच, अमायलॉइड बीटा. नवीन इंजेक्शनं त्याच्यावर आहेत, पण ती सुरुवातीच्या स्टेजला, आणि आजार फक्त थोडा हळू होतो. आजीची ती स्टेज गेली, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

टाऊचे धागे लवकर साठतात ते मेंदूतल्या एंटोरायनल कॉर्टेक्समध्ये, मग हिप्पोकॅम्पसमध्ये, आणि नवीन आठवण पक्की व्हायला नेमकी हीच जागा लागते. त्यामुळे तू दिलेलं उत्तर तिच्याकडे राहतच नाही, तिच्यासाठी प्रत्येक वेळी प्रश्न नवाच. जुनं बरंच शाबूत आहे अजून. परवा गणपतीच्या वर टांगतो त्या माटोळीचं सामान काढलं तर आंबाडे कुठे, सुपारीचं शिपटं कुठे, गाठ कशी मारायची, सगळं मला खडसावून सांगितलं, आणि लगेच 'चवथ कधी गो?'

तेव्हा फोनवर 'ओळख बघू कोण' असली परीक्षा घेऊ नकोस, येणारे पाहुणे तेच करतात आणि तिचा चेहरा एवढासा होतो. 'आजी, मी सई, जेवले' असं आधीच सांगून टाक आणि माटोळीचं काढ, मग बघ कशी बोलते. आत्या म्हणतेय ॲल्युमिनियमची भांडी फेका, त्यांनीच हा आजार होतो म्हणे, तिला तूच समजाव, मी थकले बाई.

चवथीचं तिकीट काढलंस का? बसेस फुल होतात.

आई