डोक्याला मार लागण्याआधीचा हेन्री

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्यावर आलेला लेख रंजक आहे, पण त्याचा सगळा डोलारा एका घोड्याच्या पाठीवर उभा आहे. जानेवारी १५३६ मध्ये ग्रिनिचला राजा घोड्यावरून पडला, डोक्याला मार बसला आणि तोवरचा हसरा, गाणारा, दिलदार हेन्री क्रूर झाला, असे लेखकाचे म्हणणे. ही उपपत्ती हल्ली लोकप्रिय आहे आणि सोयीचीही, कारण तिच्यामुळे तरुण हेन्री स्वच्छ राहतो. माझा आक्षेप एवढाच की, १५०९ ते १५१३ ही त्याच्या राज्याची पहिली वर्षे पाहिली, तर म्हाताऱ्या हेन्रीच्या बऱ्याच सवयी तिथेच सापडतात.

तरुण हेन्री मोहक होता, यात वाद नाही. २१ एप्रिल १५०९ रोजी रिचमंडला सातवा हेन्री वारला, तेव्हा मुलाला अठरावे संपायला दोन महिने होते. दरबाऱ्यांनी मृत्यूची बातमी दोन दिवस दाबून ठेवली. थोरला भाऊ आर्थर १५०२ मध्ये गेल्यापासून हा एकुलता वारस डोळ्यांत तेल घालून जपला गेला होता. आदल्याच वर्षी स्पेनच्या राजदूताने कळवले होते की, त्याला एखाद्या मुलीसारखे नजरेखाली ठेवतात, बाहेर पडायचे तर बागेकडच्या खासगी दाराने. असा पोरगा एकदम मोकळा सुटला. ११ जूनला भावाच्या विधवेशी, ॲरागॉनच्या कॅथरीनशी, लग्न आणि २४ जूनला वेस्टमिन्स्टर ॲबीत राज्याभिषेक. विद्वान लेखक टॉमस मोरने लॅटिन कविता रचून गुलामगिरी संपल्याचे जाहीर केले. दरबारी लॉर्ड माउंटजॉयने आपल्या गुरूला, डच विद्वान इरॅस्मसला, लिहिले की आमच्या राजाला सोने नको, हिरेमाणके नकोत. त्याला हवे आहेत सद्गुण, कीर्ती आणि अमरत्व. या तिन्हींपैकी मधली गोष्ट त्याला खरोखरच हवी होती.

सहा फुटांवर उंची, टेनिस, शिकार, कुस्ती, धनुर्विद्या, शिवाय वाद्ये वाजवणे आणि गाणी रचणे. या सगळ्याला प्रेक्षक मात्र लागायचा. जानेवारी १५१० मध्ये तो आणि त्याचे सोबती रॉबिन हूडच्या टोळीचे हिरवे कपडे घालून राणीच्या महालात घुसले. बिचाऱ्या कॅथरीनला दचकल्यासारखे करावे लागले असणार. १५१५ च्या मे महिन्यात व्हेनिसचा दूत पास्क्वालिगो भेटीला आला, तेव्हा राजाने त्याला विचारले, फ्रान्सचा राजा माझ्याएवढा उंच आहे का? अंगाने कसा आहे? पाय कसे आहेत? पाय बारीक आहेत असे उत्तर येताच हेन्रीने अंगरखा बाजूला सारला, मांडीवर हात ठेवला आणि आपली पोटरीही कशी चांगली आहे ते दाखवले. हा प्रसंग वाचून हसू येते. पण चोविशीत पोचलेला, सहा वर्षे राज्य केलेला राजा परक्या दूतासमोर पोटरी दाखवतो, तेव्हा त्याचे परराष्ट्र धोरणही थोडे त्या पोटरीवर चालणार, हे ओघाने आलेच.

आता मुद्दा क्रौर्याचा. रिचर्ड एम्पसन आणि एडमंड डडली हे सातव्या हेन्रीचे वसुली अधिकारी. उमरावांना, व्यापाऱ्यांना जामीनखतांत आणि दंडांत अडकवून त्यांनी तिजोरी भरली, आणि त्यामुळे लंडनमध्ये त्यांचा कमालीचा तिरस्कार होता. बापाच्या मृत्यूची बातमी जाहीर झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २४ एप्रिलला, दोघांना अटक झाली. त्यांनी जे केले ते राजाच्या हुकमाने. टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यातल्या तुरुंगात बसून डडलीने ऐंशीहून अधिक प्रकरणांची यादी लिहिली, ज्यांत दिवंगत राजाच्या इच्छेखातर लोकांवर अन्याय झाला होता. जुलूम हा काही देहदंडाचा गुन्हा नव्हता, म्हणून आरोप रचला राजद्रोहाचा: सशस्त्र माणसे जमवून नव्या राजाला ताब्यात घ्यायचा कट. सुमारे सोळा महिने कोठडीत ठेवून १७ ऑगस्ट १५१० रोजी टॉवर हिलवर दोघांचीही मुंडकी उडवली. पैसा मात्र खजिन्यातच राहिला, आणि नव्या राजाने तो मजेत वापरला. निष्ठावान नोकर लोकांच्या रागापुढे टाकून आपण नामानिराळे राहायचे, ही रीत पुढे १५४० मध्ये, हेन्रीने आपलाच मुख्य मंत्री टॉमस क्रॉमवेल याचे शिर उडवले तेव्हा, दिसते. ती तीस वर्षे आधीच पक्की झाली होती, आणि तेव्हा राजाच्या डोक्याला काहीही झालेले नव्हते.

राज्याभिषेकानंतरच्या उन्हाळ्यातच त्याची महत्त्वाकांक्षा उघडी पडली. फ्रान्सचा दूत, फेकांचा मठाधिपती, दरबारात आला. तुमच्या राजाने मैत्रीसाठी पत्र पाठवले होते, असे तो म्हणाला. ते पत्र मंत्र्यांनी परस्पर धाडलेले. हेन्री भडकला: हे पत्र कुणी लिहिले? जो माझ्याकडे नजर वर करून बघायला धजत नाही, त्याच्याकडे मी शांतता मागू? विल्यम वॉरहॅम, रिचर्ड फॉक्स या बापाच्या वेळच्या धर्मगुरू-मंत्र्यांना लढाई नको होती. फ्रान्सकडून दरसाल पेन्शन येत होती. राजाला मात्र पाचवा हेन्री व्हायचे होते, म्हणजे त्याने १४१५ मध्ये फ्रेंचांना ॲझिनकोर्टला हरवले तसा आणखी एक विजय. कागदपत्रे वाचण्याचा त्याला कंटाळा. ते ओझे उचलायला आणि युद्धाची जुळवाजुळव करायला टॉमस वूल्झी हा धर्मगुरू तयारच होता, आणि त्या जोरावरच तो वर चढला.

पहिला डाव फसला. १५१२ मध्ये सुमारे दहा हजार सैनिक स्पेनच्या सीमेवर फुएन्तेराबियाला गेले. सासरे, म्हणजे स्पेनचे राजे फर्डिनांड, यांनी त्यांच्या आडून शेजारचे नवारा राज्य गिळले आणि इंग्रज सैन्य बंड करून न विचारता घरी परतले. १५१३ मध्ये राजा स्वतः निघाला. निघण्याआधी टॉवरमधल्या एडमंड द ला पोलचे शिर उडवले. यॉर्क या प्रतिस्पर्धी राजघराण्यातल्या, गादीच्या या दावेदाराला जीवदान देण्याचे वचन सातव्या हेन्रीने दिले होते आणि पाळलेही होते. हाही तरुण, दिलदार हेन्रीच.

१६ ऑगस्टला उत्तर फ्रान्समध्ये गीनगेटजवळ फ्रेंच घोडेस्वार इतक्या घाईने पळाले की त्या लढाईला घोड्याला टोचायच्या टाचांच्या काट्यांचे नाव पडले. बखरकार एडवर्ड हॉल सांगतो की, राजाला सल्लागारांनी पायदळापाशीच थांबवून धरले होते. थेरुआन आणि तूर्ने ही दोन शहरे हाती आली. खरी लढाई मात्र राजा फ्रान्समध्ये असताना इंग्लंडवर चालून आलेल्या स्कॉटिश सैन्याशी, ९ सप्टेंबरला उत्तर इंग्लंडमधल्या फ्लॉडनला झाली. राजाने मागे ठेवल्यामुळे खट्टू झालेल्या सत्तरीच्या सरेच्या अर्लने तिथे स्कॉटलंडचा चौथा जेम्स मारला. राज्याचा कारभार तेव्हा कॅथरीनकडे होता. तिने जेम्सचा अंगरखा नवऱ्याला पाठवला आणि कळवले की, देहच पाठवणार होते, पण इंग्रजांच्या मनाला ते मानवले नसते. शहरे जिंकण्यात गुंतलेल्या नवऱ्याला हा आहेर कसा वाटला असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

तूर्ने १५१८ मध्ये पैसे घेऊन परत दिले. १५२३ मध्ये पार्लमेंटसाठी तयार केलेल्या भाषणात क्रॉमवेलने थेरुआनला कुत्र्याचे बीळ म्हटले: असली वीस बिळे घेऊनही खर्च भरून निघाला नसता. वडिलांनी चोवीस वर्षे साठवलेली गंगाजळी या कीर्तीच्या नादात बरीचशी संपली होती.

शेवटी एक विनंती. लेखासोबत छापलेले चित्र हान्स होल्बाइनच्या घडणीचे, म्हणजे १५३६-३७ च्या सुमाराचे आहे: पाय फाकून उभा असलेला, रुंद, जाड राजा. तरुण हेन्रीवर लिहिताना लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्समधल्या गुंडाळीचित्रातला भाग छापावा. १२-१३ फेब्रुवारी १५११ ला मुलगा झाल्याच्या आनंदात भरवलेल्या भाल्यांच्या झुंजींचे ते चित्र आहे. त्यात राणीसमोर भाला मोडणारा राजा दिसतो. ते मूल त्यानंतर दहा दिवसांत गेले.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, कोल्हापूर