काका, आधी काही पुसू नका!

शेजारच्या लेकीला,

तुझं नाव लिहायचं नाही असं तू बजावलंस, म्हणून नुसतं लेकीला म्हणतोय. तोंडावर आभार मानले की 'काका, काहीतरीच काय' म्हणून पळतेस. मग हे सगळ्यांसमोर लिहायचं ठरवलं.

फोन बुधवारी हरवला. त्याचं दुःख दोन दिवसांत ओसरलं. नंबर परत मिळतात, फोटो बरेचसे इंटरनेटवर साठवलेले होते. जीव अडकला होता तो मनगटावरच्या फिटबिटमध्ये, म्हणजे पावलं आणि नाडी मोजणाऱ्या घड्याळात. बायपासनंतर घरी आलो त्या आठवड्यापासून ते हातावर आहे. पहिल्या दिवशी दारापासून जिन्यापर्यंतची पावलं त्यानं मोजली आणि फोन हरवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी पहिल्यांदा न थांबता अर्धा तास चाललो, तेही त्यानंच मोजलं. डॉक्टरांना पुढच्या भेटीत विश्रांतीच्या वेळची नाडी पाहायची होती. तो सगळा हिशेब आता कुठे आहे, घड्याळात, फोनमध्ये की हवेत, मला काहीच ठाऊक नव्हतं.

रविवारी नवा फोन घेऊन बसलो आणि उलटसुलट करत गेलो. फोनच्या सेटिंग्जमधल्या ब्लूटूथच्या यादीत घड्याळाचं नाव दिसलं, तिथूनच जोडलं. 'जोडलं गेलं' असं आलं आणि पुढे काहीच नाही. मग घड्याळाचं ॲप उतरवलं. त्यानं जुनं गुगल अकाउंट विचारलं, मी पासवर्ड दिला, तर ओटीपी निघाला हरवलेल्या सिमवर. तेव्हा मी दोन गोष्टी ठरवल्या: नवीन ईमेलवर नवं अकाउंट काढायचं आणि घड्याळ फॅक्टरी रीसेट करायचं, म्हणजे त्यातलं सगळं पुसून कोरं करायचं. बोट त्या बटणापर्यंत गेलं होतं. तेवढ्यात तू वाटीत साय द्यायला यावं तशी सहज दारात आलीस आणि म्हणालीस, "काका, आधी काही पुसू नका. तुम्हाला यातलं काय जायला नकोय, ते सांगा."

लेकी, त्या प्रश्नासाठी हे पत्र आहे. तोवर ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी 'रीसेट मारा, होईल' एवढंच सांगितलं होतं. घड्याळ चालू झालं असतंच. माझे महिने त्यांना माहीतच नव्हते.

तू समजावलंस ते मी माझ्या शब्दांत लिहितो, कुणाला उपयोगी पडेल. आधीच्या महिन्यांचा हिशेब घड्याळातही नव्हता आणि हरवलेल्या फोनमध्येही अडकलेला नव्हता. तो माझ्या अकाउंटवर होता. धोका होता तो फक्त बुधवारनंतरच्या दिवसांना, कारण ते अजून घड्याळातच पडून होते. माझ्या फिटबिटमध्ये मिनिटागणिक तपशील साधारण 7 दिवस राहतो आणि दिवसाच्या बेरजा 30 दिवस. म्हणजे आमच्याकडे वेळ होता, पण फार नव्हता. रीसेट केलं असतं तर तो अर्धा तास कायमचा गेला असता. नवं अकाउंट काढून घड्याळ त्याला जोडलं असतं तर जुने महिने एकीकडे आणि नवे दुसरीकडे पडले असते.

आणि ब्लूटूथचं कोडं. घड्याळ आणि फोन पहिल्यांदा जोडले जातात तेव्हा दोघं मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि आपापल्याकडे जपून ठेवतात. जुन्या फोनची किल्ली त्याच्याबरोबर गेली, नव्याला स्वतःची करून घ्यावी लागते. यादीतून जोडलं तर नुसती ओळख होते. पावलं आणि नाडी कुठे न्यायची हे ॲपलाच कळतं. म्हणून तू यादीतलं माझं जोडणं आधी विसरायला लावलंस.

क्रम तूच ठरवलास. सिम आधी, बाकी सगळं नंतर. त्याच नंबरचं नवं सिम घेऊन ते चालू होईपर्यंत तू मला कशालाही हात लावू दिला नाहीस. घड्याळ मात्र चार्जिंगला लावायला सांगितलंस, बंद पडू नये म्हणून. संध्याकाळी ओटीपी आला, जुन्याच अकाउंटनं आत गेलो. जवळपासची उपकरणं शोधायची परवानगी ॲपनं मागितली, दिली. जोडणीची विनंती आली, होकार दिला. मग दोघं त्या सरकणाऱ्या रेघेकडे बघत बसलो. गुरुवार उघडला आणि त्यात तो अर्धा तास होता, नाडीच्या चढउतारासकट. माझे डोळे भरून आले. तू खिडकीबाहेर बघितलंस, तेही लक्षात आहे.

इतकं झाल्यावर कुणीही उठून गेलं असतं. तू बसलीस. हरवलेल्या फोनवरून माझं अकाउंट दूरूनच बाहेर काढलंस. नोटिफिकेशन मनगटावर येत नव्हती, त्याची परवानगी वेगळी असते हे शोधलंस. बॅटरी वाचवायच्या नादात फोन ॲपला मागून झोपवतो, तेही बंद केलंस. शेवटी गुगलचे ते 10 राखीव कोड, आठ आकडी, कागदावर माझ्याच हातानं लिहून घेतलेस. फोन पुन्हा गेला तर ओटीपीवाचून आत जायला. एक कोड एकदाच चालतो, वापरला की त्यावर काट मारायची.

वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी, सगळी घड्याळं माझ्या घड्याळासारखी नसतात. वेअर ओएस या गुगलच्या प्रणालीवर चालणारी जुनी घड्याळं नव्या फोनला जोडताना पुसावीच लागायची. 2023 मध्ये आलेल्या वेअर ओएस 4 पासून न पुसता हलवायची सोय झाली. ॲपल वॉचचा जुना आयफोन हाताशी नसेल तर ते घड्याळावरूनच पुसावं लागतं, आणि नंतर ते ॲपल अकाउंटचा पासवर्ड मागतं. म्हणजे तिथेही अकाउंट आधी हाती हवं.

डॉक्टरांनी आलेख बघितला. सहा आठवड्यांत विश्रांतीची नाडी हळूहळू खाली आली आहे, ते त्यांनी बोटानं दाखवलं आणि फिरणं दहा मिनिटांनी वाढवा म्हणाले. कोडचा कागद कपाटात औषधांच्या फाइलमध्ये आहे, हे तुलाही माहीत असू दे.

उद्या सकाळी चाळीस मिनिटं चालणार आहे. परत आलो की तुला आकडा दाखवतो.

तुझा,
शेजारचा काका