तुझ्या घराच्या पायाबद्दल, जरा सविस्तर

प्रिय दोस्ता,

फोनवर अर्धवटच बोलणं झालं, तू मीटिंगमधे होतास आणि इकडे रेंज जात होती, म्हणून आता निवांत बसून सगळं लिहितोय. लांबेल, पण पूर्ण वाच आणि वाचून होईपर्यंत त्या ठेकेदाराला ॲडव्हान्स देऊ नकोस.

रविवारी सकाळीच गेलो होतो गावाकडे. काकू स्वयंपाकघरातून हॉलमधे येताना आता भिंतीला हात लावून येतात रे, ती मधली शहाबादी फरशी वर आलीय ना तिला दोनदा ठेचकाळल्यात, तुला सांगितलं नसेल त्यांनी. त्यामुळे तुझी घाई मला कळते. पण मृगाच्या आधी जुन्या फरशीवरच ४ इंच काँक्रीट ओतून मोकळं व्हायचं हा जो त्याचा प्लॅन आहे तो आत्ता मे महिन्यात केलास तर पुढच्या पावसाळ्यात ते काँक्रीटपण उचलणार, हे मी अंदाजाने नाही म्हणत, बघून म्हणतोय.

काय बघितलं ते सांगतो. आधी लेव्हल ट्यूब, म्हणजे उंच-सखल बघायची पाण्याची नळी, लावली. हॉलचा मधला भाग पश्चिमेच्या भिंतीपेक्षा ४० मिलीमीटर वर आहे, आणि मोरीकडे गेलं तरी तो उंचच राहतो, खाली येत नाही. मग दोन खड्डे घेतले, एक मोरीच्या बाहेर आणि एक पश्चिमेला लिंबाच्या झाडाजवळ. झाडाजवळची माती एवढी वाळलेली की भेगेत मनगटापर्यंत हात गेला माझा, आणि मोरीजवळ ४ फूट खाली तीच काळी माती लोण्यासारखी, हातात गोळा होत होता तिचा, ऐन मे मधे! मोरीच्या पाइपचा जॉइंट भिंतीच्या आतच फुटलाय, किती वर्षं झिरपतोय देव जाणे. पाया फक्त साडेतीन फूट, दगड मातीत बसवलेला, आणि खाली सगळी काळीच. म्हणजे एकाच घराची एक बाजू पाणी पिऊन फुगलीय आणि दुसरी झाडाने शोषून खाली गेलीय. खिडकीच्या कोपऱ्यातून जो तिरपा तडा गेलाय तो त्यामुळे. काका म्हणाले पावसाळ्यात हा तडा बारीक होतो आणि उन्हाळ्यात परत उघडतो, आणि श्रावणात मागचं दार घासतं. मला एवढ्यावरच कळलं होतं खरं तर.

तिथली माती पिशवीत भरून आणली आणि ओळखीच्या लॅबमधे फ्री स्वेल, म्हणजे माती पाण्यात किती फुगते ते, काढून घेतलं. साधी टेस्ट आहे ही, वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती एका नळीत पाण्यात टाकायची, तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमधे, २४ तास ठेवायची. रॉकेलमधे माती फुगत नाही, पाण्यात फुगते. तुझी रॉकेलमधे १२ मिली भरली आणि पाण्यात २२, म्हणजे ८३ टक्के जास्त. ५० च्या वर गेली की आपण ती माती डेंजर धरतो. त्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याचे पापुद्रे असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना लांब ढकलतं. कापसाला सोन्यासारखी माती ही, आपले आजे-पणजे तिच्यावरच जगले, पण घराला फार सांभाळून घ्यावं लागतं तिला.

आता मे मधे का नको ते नीट समजून घे. आत्ता जमीन सगळ्यात जास्त आकसलेली आहे. यावर आत्ता फरशीचा स्लॅब ओतला की तो या आकसलेल्या जमिनीच्या लेव्हलला बसतो, मग जून-जुलैत कडेने पाणी शिरतं आणि कडा उचलतात, आणि मधे काय होतं की स्लॅबने झाकल्यामुळे खालची ओल वर उडून जाऊ शकत नाही, ती वर्षानुवर्षं साचत जाते आणि मधला भाग हळूहळू वर येतो. कडा दरवर्षी वरखाली आणि मधलं कायमचं वर. ४ इंचाचं काँक्रीट याच्यापुढे टिकत नाही, ते वजनच एवढं कमी आहे की माती त्याला सहज उचलते.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. २०११ साली मी स्वतः केलेली चूक आहे ही. परभणीच्या बाहेर एका निवृत्त मास्तरांचं घर होतं, पहिलंच स्वतंत्र काम माझं, काळ्या मातीवर सोलिंग (दगडांचा थर) टाकलं, पीसीसी (साधं, बिनसळईचं काँक्रीट) केलं, वर स्लॅब, एप्रिलमधे, फिनिशिंग इतकं सुंदर झालं होतं की लोक बघायला यायचे. दोन पावसाळ्यात मधोमध फुटलं. माझ्या खर्चाने फोडून परत करून दिलं, पण त्यांच्या देवघराची भिंत तडकली ती तडकलीच. त्या माणसाने एक शब्द बोलला नाही मला, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं अजून. सोलिंगच्या दगडांच्या फटीत पाणी साचून राहतं आणि खालच्या काळ्या मातीला बारा महिने पाजत राहतं हे मला तेव्हा कळलं.

तू ह्यूस्टनचा व्हिडिओ पाठवला होतास ना, फरशीला भोकं पाडून फोम भरतात आणि स्लॅब वर उचलतात तो. ते तंत्र खरं आहे, चांगलंही आहे, पण ते खचलेलं वर आणायला. तुझी फरशी फुगून वर आलीय, तिला खाली दाबणारं मशीन नसतं. तिकडेही अशीच फुगणारी चिकणमाती आहे, म्हणून ते लोक घराखाली आतून पोलादी केबल ताणून घट्ट केलेले स्लॅब टाकतात, आणि उन्हाळ्यात घराभोवती झिरपणारी पाण्याची नळी लावून ठेवतात. विचार कर, आपण पाणी लांब ठेवायला धडपडतो आणि ते मुद्दाम देतात, पण दोघांना पाहिजे एकच, की ओल बारा महिने सारखी राहावी.

तर आता काय करायचं. आधी मोरीची लाइन. जुनी पूर्ण बंद, नवीन पीव्हीसी भिंतीच्या बाहेरून, चेंबर घरापासून १० फूट लांब. पत्र्याचं पाणी आत्ता थेट भिंतीच्या बुडाशी पडतंय, त्याला पन्हाळ लावून तेही लांब सोडायचं. मग घराच्या चारी बाजूंनी ५ फूट रुंद प्लिंथ प्रोटेक्शन, म्हणजे भिंतीलगतचा पक्का पट्टा, खाली मुरूम, त्यावर जाड प्लॅस्टिक, वर काँक्रीट आणि उतार बाहेरच्या बाजूला. एवढं पावसाच्या आधी उरकतं, हेच कर या मे मधे.

लिंबाचं झाड तोडायचं म्हणतोय ना तो ठेकेदार? अजिबात तोडू देऊ नकोस. झाड गेलं की त्याने इतकी वर्षं शोषलेली जागा परत पाणी प्यायला लागेल आणि पश्चिमेची भिंत उलट्या दिशेने उचलेल. झाड आणि भिंतीच्या मधे चर खोदून जाड प्लॅस्टिकचा पडदा उभा करू, मुळं तिकडेच राहतील. शिवाय काकांची दुपार त्याच झाडाखाली जाते.

हे झाल्यावर एक पूर्ण वर्ष थांबायचं. हो, वर्ष. मी तड्यावर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या चिकटवून आलोय आणि पेन्सिलने तारीख टाकलीय, काच फुटली तर घर अजून हलतंय. तोवर काकूंसाठी ती उचललेली फरशी काढून तेवढ्या भागात नुसता मुरूम दाबून कोबा करून देतो, पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो, दोन दिवसांचं काम आहे.

पुढच्या वर्षी हॉल फोडू. भिंतीपासून २ फूट सोडून (पाया उघडा पडता कामा नये) ३ फूट काळी माती काढायची आणि मुरूम भरायचा, पण नुसता खडा मुरूम नको, थोडा चिकट, बांधून राहणारा. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी यावर मोठं काम केलंय, न फुगणाऱ्या चिकट मातीचा साधारण मीटरभर थर दाबून बसवला तर खालची काळी माती वर ढकलायची थांबते. आपल्याला मीटरभर पूर्ण जमणार नाही, पण जेवढं जमेल तेवढं. ६-६ इंचाचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि प्लेट कॉम्पॅक्टर, धुम्मसाने भागणार नाही. वर प्लॅस्टिक, मग एम २० ग्रेडच्या काँक्रीटचा ५ इंच स्लॅब, ८ मिलीची जाळी, कव्हर ब्लॉक घालून, जाळी जमिनीवर लोळलेली चालणार नाही. आणि भिंतीच्या कडेने थर्माकोल, स्लॅब भिंतीला कुठे चिकटायला नको, त्याला त्याच्या जागी मोकळं राहू दे. काँक्रीट घट्ट वाटलं की बिगारी मिक्सरमधे पाइप सोडतो, तिथे उभं राहायला लागतं. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी, वाळूतलं पाणी धरून, त्याच्या वर एक मग नाही. नंतर १० दिवस आळी करून पाणी साठवायचं.

आणि तुला ज्या नवीन दोन खोल्या बांधायच्यात, त्या या घराला जोडायच्याच नाहीत, मधे २ इंचाची फट सोडायची, जुनं-नवं वेगवेगळं हलणार. त्यांना अंडर-रीम पाइल, म्हणजे बुडाशी फुगीर असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब, घेऊ, रुरकीच्या सीबीआरआय या बांधकाम संशोधन संस्थेने आपल्या काळ्या मातीसाठीच विकसित केलेली पद्धत आहे ही. बोअर घेऊन खाली बुडाशी खांबाच्या अडीच पट रुंद फुगा कोरायचा, म्हणजे माती वर ओढायला लागली तरी तो खाली धरून ठेवतो. आयएस कोड (भारतीय मानक) किमान साडेतीन मीटर खोली सांगतो, कारण तिथपर्यंत पावसा-उन्हाचा फरक फारसा पोचत नाही. आणि वरच्या बीमखाली तीनेक इंच मोकळी पोकळी, माती फुगली तर त्या जागेत फुगेल, बीमला टेकणार नाही. गवंडी ती पोकळी बघतो आणि काम अर्धवट राहिलं समजून मायेने मुरमाने भरून टाकतो, दोनदा झालंय माझ्यासमोर. त्या दिवशी मी स्वतः हजर राहीन.

खर्च ठेकेदाराच्या आकड्यापेक्षा जास्त येईल, खोटं सांगत नाही, पण आत्ता या महिन्यात त्यातला थोडाच लागणार आहे. काकांशी मी बोललोय, त्यांना पटलंय, त्यांना फक्त तुझा होकार पाहिजे. तू शनिवारी रात्रीच्या गाडीने निघालास तर रविवारी सकाळी मी स्टेशनवर घ्यायला येतो, खड्डे अजून बुजवले नाहीत, दोन्ही मातीचे गोळे तुझ्या हातात देतो. आणि येताना काकूंसाठी त्या गुडघ्याच्या पट्ट्याचा बरोबर साइज घेऊन ये, आधीचा सैल होतो त्यांना.

तुझाच