मंजू, ती दोन वर्षं सांग

नौपाडा, ठाणे
गुरुवार रात्र

चि. सौ. मंजिरीस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू चहा अर्धा टाकून उठलीस. प्रशांतराव बिचारे मधल्या मधे अडकले. फोन करणार होतो, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू "ड्यूटीवर आहे, बाबा" म्हणून ठेवतेस. म्हणून लिहायला बसलो आहे. सावकाश वाच.

आधी आनंदाचं. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आली हे तू सांगितलंस तेव्हा मी नीट काही बोललोच नाही, लगेच कागदपत्रांवर आलो. तुझी फाईल मार्च २०१३ ची. तेव्हापासून दर महिन्याला ते व्हिसा बुलेटिन उघडायचं, ईबी-३ च्या, म्हणजे नोकरीवर कायमचं जाणाऱ्यांच्या, ओळीत भारताच्या रकान्यात कोणत्या तारखेच्या फाईलपर्यंत पाळी आली आहे ते बघायचं, हे तुझ्याइतकंच मीही केलंय. कधी दोन आठवडे पुढे, कधी जिथल्या तिथे, कधी चक्क मागे. नोकरीवरचे व्हिसा वर्षाला साधारण १,४०,००० आणि त्यात एका देशाला ७ टक्के. त्या आकड्यात नवरा-बायको, मुलं सगळी धरलेली. माधवकाका म्हणायचे, "पोरीच्या नशिबात नाही." काका आज असते तर त्यांना पेढे घेऊन गेलो असतो. एवढी वर्षं तू एकदाही कुरकुर केली नाहीस, याचं मला फार कौतुक आहे.

आता ते वाशीचे व्हिसा सल्लागार. त्यांचं म्हणणं मला पटलेलं नाही, हे एकदाच सांगतो आणि विषय सोडतो.

२०१७ ते २०१९ तू नोकरीत नव्हतीस. ते म्हणतात, जुन्या हॉस्पिटलमधून सलग अनुभवाचं पत्र आणू, ओळख आहे, गॅप दिसायला नको. आणि तू म्हणालीस, "सगळ्या जणी करतात, बाबा." मंजू, तिथे वकिलातीच्या खिडकीवर तुला उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावतील. फॉर्ममध्ये लिहिलंय ते आणि मी सांगेन ते खरं आहे, अशी. अमेरिकेचा कायदा या बाबतीत कडक आहे. व्हिसासाठी महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली असं ठरलं, तर माणूस कायमचा अपात्र ठरतो. कमी पडलेला कागद नंतर देता येतो, २२१ जी ची चिठ्ठी मिळते, महिना-दोन महिने जास्त जातात, पण काम होतं. खोटेपणाचा शिक्का पुसायला फार मोठी सूट मागावी लागते आणि ती सगळ्यांना मिळत नाही. सल्लागारांचं काय, त्यांची फी आधीच घेऊन झाली आहे.

आणि गॅपमुळे अडतं काय, तेही मला कळलेलं नाही. नर्सचं काम त्यांच्या कामगार खात्याने आधीच टंचाईच्या यादीत घातलेलं आहे. हॉस्पिटलला "आम्हाला इथे माणूस मिळत नाही" हे सिद्धच करावं लागत नाही. तुझी एनक्लेक्स, ती तिकडच्या नर्सिंग परवान्याची परीक्षा, २०१२ मध्ये पहिल्या फटक्यात झाली. व्हिसास्क्रीनची, म्हणजे परदेशी नर्सला लागणाऱ्या त्या प्रमाणपत्राची, पाच वर्षांची मुदत संपली, तर तू पुन्हा इंग्रजीच्या परीक्षेला बसून ते नव्याने काढलंस. ऑफर लेटर ताजं आहे. यात सलग नोकरी कोणी मागितली आहे?

बत्तीस-तेहतीस वर्षं ठाणे कोर्टात मी साक्षी टाईप केल्या. ठरवून खोटं बोलणारे थोडे असतात. बहुतेक जण घाबरून जास्तीचं बोलतात. वकील विचारतो, "किती वाजले होते?" साक्षीदार सांगतो, "साडेसात, आणि मी नुकताच दूध घेऊन आलो होतो." संपलं. मग उलटतपासणीत दुधावरच अर्धा तास. विचारलं तेवढंच सांगायचं, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं, आणि अधिकाऱ्याचा प्रश्न पूर्ण ऐकून मग तोंड उघडायचं. पाठ केलेलं उत्तर समोरच्याला लगेच कळतं, कारण शब्द एका दमात येतात आणि डोळे भलतीकडे असतात. तू तर लहानपणापासून खोटं बोलताना कानाची पाळी ओढतेस.

झालं, लेक्चर सुरू झालं. रविवारीही असंच झालं असणार. तू आयसीयूची इन्चार्ज आहेस, रात्री तीन वाजता डॉक्टरांना झोपेतून उठवून खडे बोल सुनावतेस, तुला बोलायला मी काय शिकवणार! माफ कर. पण त्या दोन वर्षांचं मात्र मला राहवत नाही.

ती दोन वर्षं मी बघितली आहेत ना. हॉलमध्ये सोफा काढून आपण आईच्या, पोटातून करायच्या डायलिसिसच्या पिशव्यांचे खोके रचले होते, छताला टेकायचे तेवढे बाकी. दिवसातून चार वेळा पिशवी बदलायची. खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, कोपरापर्यंत हात धुणं. मे महिन्यात त्या बंद खोलीत तुझ्या घामाच्या धारा लागायच्या, पण तू पंख्याच्या बटणाला हात लावला नाहीस. बाहेर आलेलं पाणी तू रोज उजेडाला धरून बघायचीस, गढूळ तर नाही ना म्हणून. डॉक्टर म्हणाले होते, घरी करताना पोटात जंतुसंसर्ग होतो, तयारी ठेवा. तुझ्या हातून एकदाही झाला नाही. ओवी तेव्हा रांगत होती, तिला दारात फळी लावून अडवायचो आणि ती फळीवर चमचा आपटायची. सुमनताई म्हणायची, सरळ बाई ठेवा, पोरीची नोकरी का घालवता? आईनेही तुला दोनदा रागावून परत पाठवलं होतं, आठवतं? तू ऐरोलीला गेलीस आणि संध्याकाळी भाजी घेऊन परत आलीस.

आईचं तुझ्यावर किती होतं ते ती कधी बोलायची नाही. शेवटच्या गणपतीत आरतीला उभं राहता येईना, तेव्हा मला म्हणाली, "मंजू आहे म्हणून मी घरात आहे, नाहीतर हॉस्पिटलात असते." हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.

त्या वर्षांच्या जागी एखाद्या हॉस्पिटलचं नाव लिहायचं, तू तिथे पगारावर होतीस असं म्हणायचं? मला नाही सहन होत. त्यांनी विचारलं, "या काळात काय करत होतात?" तर सांग, "आईची घरी पेरिटोनियल डायलिसिस करत होते." तुझ्या धंद्यातल्या माणसाला यात कमीपणा काय आहे? त्यानंतर वर्षभरात तू बाळकुमच्या कोविड रुग्णालयात उभी होतीस, तेही विचारलं तर सांग. स्वतःहून नको.

आईची डिस्चार्ज कार्डं, नेफ्रॉलॉजिस्टची पत्रं, पिशव्यांची बिलं मी तारखेनुसार लावून हिरव्या फाईलमध्ये ठेवली आहेत. बहुधा कोणी बघणार नाही, तरी बरोबर असू दे.

बाकीचं थोडक्यात. जन्मदाखल्यावर तुझं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, म्हणून लग्नाच्या दाखल्याची मूळ प्रत वरच ठेव. पोलिसांचा दाखला तुझा आणि प्रशांतरावांचा दोघांचा. मेडिकल आधी करून घ्या. ओवीला रक्त काढताना रडू येतं, तिला आदल्या दिवशी सांगून ठेव, ऐनवेळी सांगितलं की ती जास्त बिथरते. मोबाईल आणि बॅगा आत घेत नाहीत, त्या प्रशांतरावांच्या मित्राच्या गाडीत ठेवा. पावसाचे दिवस आहेत. कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की मध्य रेल्वे बसते, मग बीकेसीला वकिलातीत कसे पोचणार? आदल्या रात्री सायनला सुमनताईकडे राहा. तिला मी सांगितलंय, ती पुरणपोळी करायच्या बेतात होती, म्हटलं साधा वरणभात कर, पोरांना झोपू दे.

व्हिसा मिळाला की फार तर सहा महिन्यांत जावं लागतं, असं प्रशांतराव म्हणत होते. म्हणजे दिवाळी इथे, संक्रांत तिथे. मी मोजत बसलेलो नाही. दादा पुण्याला ये म्हणतोय, त्याचं बघू. गुडघा बरा आहे, तलावपाळीला एक फेरी होते, शेजारचे कुलकर्णी बरोबर असतात. तुम्ही माझ्यामुळे काही अडवून धरू नका. तुला नको असताना मी एकदा अडवलंय असं तुला वाटत असेल, त्या वर्षांत. मी तेव्हा तुला जा म्हणालो नाही, कारण मला एकट्याला जमलं नसतं. ते खरं आहे.

आणि नाही मिळाला तरी चालेल, मंजू. खरं सांगून नाही मिळाला तर पुन्हा अर्ज करता येतो. माझं आयुष्य कोर्टात गेलं, म्हणून मी एकच गोष्ट धरून बसलोय असं तुला वाटेल. वाटू दे.

शनिवारी सकाळी येताय का तुम्ही सगळे? ओवीची बाटली इथेच आहे. थालीपीठं लावतो.

तुझा,
बाबा

ता. क. सल्लागारांनी ऑनलाइन फॉर्म भरला तेव्हा नोकरीच्या रकान्यात २०१७ ते २०१९ ला काय लिहिलं, ते तू स्वतः बघितलंयस का? त्याची छापील प्रत शनिवारी घेऊन ये. चुकीचं गेलं असेल तर मुलाखतीच्या वेळी अधिकाऱ्याला आपण होऊन सांगून दुरुस्त करता येतं. तो प्रश्न विचारण्याआधी, शपथ झाल्या झाल्या सांगायचं.