आई, त्या बाटल्यांबद्दल लिहितेय

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर आईच्या कॅल्शियम-व्हिटॅमिनच्या बाटल्यांचा विषय काढला की ती "हो गं, घेते" म्हणून दुसरंच काहीतरी सुरू करते आणि बाबा सरळ फोन आईच्या हातात देतात, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. दोघं एकत्र बसून वाचा. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा, आईचा चष्मा सापडेपर्यंत तिचा मूड गेलेला असतो.

तर गेल्या महिन्यात आले होते ना, तेव्हा एका दुपारी डोकं दुखत होतं म्हणून गोळी शोधायला औषधांचा कप्पा उघडला आणि बघतच राहिले. कॅल्शियमच्या गोळ्या, मल्टिव्हिटॅमिन, ती हाडं-सांध्यांची पावडर, व्हिटॅमिन डीच्या कॅप्सूल वेगळ्या, आणि वर गुलाबी झाकणाची छोटी डबी, व्हिटॅमिन के-२ ची. मग काय, तिथेच फतकल मारून बसले, प्रत्येक लेबलाचा फोटो काढला, मोठा करून वाचला आणि एका जुन्या पाकिटावर बेरीज मांडली. कॅल्शियम गोळ्यांतून १००० मिलिग्रॅम, मल्टिव्हिटॅमिनमधून २००, पावडरीतून ६००, झाले १८००, आणि तू दूध-दही नीट खातेस त्यातून आणखी पाच-सहाशे तरी जातंच. तुझ्या वयाच्या बाईला जेवणातलं धरून सगळं मिळून १२०० पुरतं, आणि २००० च्या वर जाऊ नये म्हणतात. डी ची बेरीज आली ४५०० युनिट. कमतरता नसेल तर सत्तरीपर्यंत रोज ६०० आणि सत्तरीनंतर ८०० एवढीच शिफारस आहे, आणि डॉक्टरला न विचारता ४००० च्या पुढे जायचंच नाही. एकेक बाटली बघितली तर बिचारी साधी दिसते, पण त्या काही एकमेकींना विचारून पोटात जात नाहीत ना.

आणि तुला इतके दिवस पोट साफ होत नाही त्याचं कारणही बहुतेक तिथेच सापडलं. कॅल्शियम कार्बोनेटने होतं तसं. त्यासाठी तू अजून एक सहावी पावडर सुरू केलीस, धन्य आहे.

पण मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. या सगळ्या बाटल्यांच्या मागे कोपऱ्यात आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीची स्ट्रिप होती, हाडांच्या विरळपणावरचं औषध, अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम, चारातल्या दोन घेतलेल्या आणि दोन तशाच, आणि बिल सात महिन्यांपूर्वीचं. तुझं मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, हाडांची घनता मोजायचा डेक्सा स्कॅन केला, कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे २.८ आला. म्हणजे तरुण बाईच्या सरासरीपेक्षा तुझं हाड किती विरळ झालंय त्याचं ते माप, आणि उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणायचं, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलंय. त्यावर डॉक्टरांनी औषध म्हणून जी एक गोष्ट दिली नेमकी तीच बंद, आणि बाकीचं दुकान चालू!

मला माहितीय तू काय म्हणणार, की अगं हाड कॅल्शियमचंच असतं, मग कॅल्शियम घेतलं तर चुकलं काय. ऐक. हाड म्हणजे एकदा बांधून ठेवलेली भिंत नव्हे, आत सतत काम चालू असतं, एक टोळी जुनं पाडते, दुसरी नवीन बांधते, वर्षाला सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा असा बदलला जातो. पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि पाडणारे सुटतात, बांधणारे मागे पडतात. आता अशा वेळी दारात विटांचा ट्रक आणून ओतला तर भिंत उभी राहील का? विटा मुळातच कमी असतील तर त्या आणायलाच हव्यात, ते बरोबर. १९९२ साली फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांतल्या तीन हजारांवर म्हाताऱ्या बायकांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट डी दिलं तर दीड वर्षात खुब्याची फ्रॅक्चर्स खूपच कमी झाली होती. पण त्या बायका फारशा बाहेर न पडणाऱ्या, त्यांच्यात डी कमीच होतं, कॅल्शियमही. तुझी डी ची तपासणी चांगली आलीय, कागद माझ्याकडे आहे.

ज्यांना कमी नाही त्यांना जास्त देऊन बघण्याचेही प्रयोग झालेत, आणि चांगले मोठे. अमेरिकेत २००६ मध्ये ३६,२८२ बायकांचा अभ्यास छापून आला, सात वर्षं अर्ध्यांना कॅल्शियम आणि डी, अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. खुब्याच्या हाडाची घनता अगदी एखादा टक्का बरी राहिली पण फ्रॅक्चरमध्ये खात्रीने सांगावा असा फरक पडला नाही, आणि मुतखडे मात्र १७ टक्के जास्त झाले. मग नुसतं डी, रोज २००० युनिट, साधारण २६ हजार लोक, पाच वर्षं, त्याचा निकाल २०२२ मध्ये आला, त्यातही फ्रॅक्चर कमी नाहीत. आणि २०१० चा एक तर मला सगळ्यात आवडतो कारण तुझ्या "जास्त घेतलं तर जास्त ताकद" ला तो सरळ उत्तर आहे: सत्तरीच्या पुढच्या बायकांना वर्षातून एकदा एकदम पाच लाख युनिट डी दिलं, आणि त्या बायका उलट जास्त पडल्या, जास्त हाडं मोडली त्यांची.

आता ती गुलाबी डबी. तू मला ते पाठवलं होतंस, "जपानमध्ये सिद्ध झालंय, के ने खुब्याचं फ्रॅक्चर टळतं". आई, मी त्याच्या मागे लागले तर भलतीच गोष्ट निघाली. योशिहिरो सातो नावाचा एक जपानी डॉक्टर होता, त्याने स्ट्रोक, पार्किन्सन, अल्झायमर झालेल्या म्हाताऱ्या माणसांवर चाचण्यांवर चाचण्या छापल्या, कधी के, कधी डी, कधी फोलेट आणि बी-१२, आणि जवळपास दरवेळी खुब्याची फ्रॅक्चर्स धाडकन कमी! मग ॲलिसन ॲव्हेनेल, मार्क बोलंड, अँड्र्यू ग्रे वगैरे संशोधकांना शंका आली. इतकी आजारी माणसं शेकड्यांनी इतक्या पटकन मिळतात कशी, त्यातली फारशी कुणी मधेच सोडून कशी जात नाहीत, आणि दोन्ही गटांचे सुरुवातीचे आकडे इतके जुळे-जुळे कसे. त्यांनी त्याच्या ३३ चाचण्यांचे आकडे तपासले, २०१६ मध्ये ते छापून आलं, आणि त्याचे पेपर एकामागून एक मागे घ्यावे लागले, २००५ मध्ये नामांकित जर्नलमध्ये आलेला सुद्धा. वाईट काय तर तोवर इतरांनी ते खरे धरून आढावे लिहिले होते, त्या आढाव्यांवरून सल्ले दिले गेले, आणि फिरत फिरत ते आपल्या कप्प्यापर्यंत आले. बाबा, तुम्ही आयुष्यभर हिशेब तपासलेत, तुम्हाला यात मजा येईल, फार जास्त टॅली होणारा हिशेब बघितला की तुम्ही पण असेच भुवया वर करता. के मध्ये काहीच दम नाही असं मी म्हणत नाहीये, पण जेवढं छातीठोक सांगितलं गेलं तेवढा पुरावा नव्हता.

याउलट तुझी ती टाकून दिलेली गोळी. १९९६ चा अभ्यास, आधीच मणका मोडलेल्या साधारण दोन हजार बायका, तीन वर्षं. मणक्याची नवीन फ्रॅक्चर्स जवळपास निम्म्यावर आली, आणि खुब्याची फ्रॅक्चर्स नुसत्या दिसायला तशाच गोळीवाल्या हजारभर बायकांत २२, औषधवाल्या हजारभर बायकांत ११. आकडे बघ, फार मोठे नाहीत, मी फुगवून सांगत नाहीये, पण त्या अकरा बायकांमध्ये तू असावीस असं मला वाटतं, म्हणजे वाचलेल्या अकरा गं.

छातीत जळजळ झाली म्हणून सोडलीस हे मला मावशीकडून कळलं, माझ्याकडून का लपवलंस? आणि घेतलीस कशी ते पण कळलं, चहाच्या घोटाबरोबर, आणि मग परत आडवी झालीस. अगं ही गोळी तशी घ्यायचीच नसते. उठल्या उठल्या रिकाम्या पोटी, मोठा पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास बसायचं किंवा चालायचं, झोपायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. मुळात ही गोळी शंभरात एक भागसुद्धा धड शोषली जात नाही, चहा किंवा कॅल्शियम सोबत गेलं तर तेवढीही नाही, आणि आडवं झालं तर अन्ननलिकेत अडकून तीच जळजळ करते. नीट घेऊनही त्रास झाला तर वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिड आहे, २००७ च्या मोठ्या चाचणीत त्याने तीन वर्षांत मणक्याची फ्रॅक्चर्स ७० टक्के आणि खुब्याची ४१ टक्के कमी केली होती. वर्षभर कटकट नाही. सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं एक इंजेक्शनही आहे, डेनोसुमॅब, पण ते मनाने मधेच सोडलं तर मणके पटापट मोडू शकतात, आणि तुझा औषधं मनाने सोडायचा रेकॉर्ड बघता मला त्याची भीतीच वाटते.

जबडा सडतो हा मेसेज मी पण वाचलाय. होऊ शकतं, खोटं नाही, पण ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला फार क्वचित, वर्षाला दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी. कॅन्सरमध्ये मोठे डोस देतात तिथे जास्त. तुझी ती दाढ काढायचीय ना, ती आधी काढून घेऊ, डेंटिस्टला सांगून. आणि काही वर्षांनी डॉक्टर ही गोळी थांबवून पुन्हा तपासतात, जन्मभराची नाहीये.

अजून एक, थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम तू सकाळी एकत्र गिळतेस हे मी डोळ्याने बघितलं. दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं, नाहीतर थायरॉइडची गोळी वाया. उगाच नाही तुझा डोस दोनदा वाढवला. अलेंड्रोनेटच्या दिवशी ती कधी घ्यायची तेही विचारायचंय.

बाबा, आता तुम्ही. हसू नका. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर आमच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत ना, त्यात सगळ्यात वर एक तुमची पण आहे, दादाने हट्टाने तुम्हाला उभं करून काढलेली. मी आले होते तेव्हा तुम्ही चहाचा कप घेऊन त्याच चौकटीला टेकून उभे होतात आणि ती खूण तुमच्या डोक्याच्या वर दिसत होती. तुम्ही आत गेल्यावर मी पट्टी लावली. चार बोटं नाही, पण चार सेंटिमीटर नक्की. वयाने थोडं कमी होतंच माणूस, पण एवढं कमी झालं तर मणका दबलाय का ते एक्स-रे काढून बघतात, कारण मणक्याची बरीच फ्रॅक्चर्स कळतच नाहीत, माणूस पाठ भरून आली म्हणतो आणि बाम चोळतो. तुम्ही दम्यासाठी किती वर्षं अधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्यात, त्या हाडं खातात. हा बायकांचा आजार आहे असं समजून तुमचा स्कॅन आजवर कुणी केला नाही, मीही कधी म्हटलं नाही.

व्यायामाचं फार बोलत नाही, पण नुसत्या चालण्याने हाड फारसं वाढत नाही. ऑस्ट्रेलियात घनता कमी झालेल्या १०१ बायकांवर प्रयोग झाला, त्यातल्या निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास चक्क जड वजनं उचलली, आठ महिन्यांत त्यांच्या मणक्यांची घनता जवळजवळ तीन टक्के वाढली, बाकीच्यांची घटली. पण शिकवणारा शेजारी उभा होता. तुम्ही दोघं लगेच बादल्या उचलायला जाऊ नका, विशेषतः बाबा, एक्स-रे होईपर्यंत वाकून काही उचलायचं नाही. आणि आई, ते स्टूल. माळ्यावरचं काही हवं असेल तर कुणाला तरी हाक मार. बाथरूमबाहेरचं सरकणारं पायपुसणं मी टाकून दिलंय, रात्रीचा दिवा लावून ठेवत जा.

मंगळवारची दोघांची अपॉइंटमेंट घेतलीय, मी येतेय. आई, सगळ्या रिपोर्टची फाइल काढून ठेव आणि जळजळीचं डॉक्टरांना खरं सांग, तिथे जाऊन "काही त्रास नाही हो" म्हणू नकोस.

आणि परवा फोनवर विचारत होतीस ना, ती गुलाबी डबी कुठे ठेवली गं, कामवालीने हलवली वाटतं. तिला काही बोलू नकोस. डबी, पावडर आणि डीच्या कॅप्सूल माझ्या बॅगेत आहेत, डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियम तेवढं तिथेच आहे, बघ.

तुमची,
धाकटी