गाणं बंद करू नकोस

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा तू घरी होतास तेव्हाची गोष्ट मनातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले, फोनवर काही बोलायला गेले की तू "हो गं आई" म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो. मी चहा घेऊन खोलीत आले आणि तू घाईघाईने लॅपटॉपवरचं गाणं बंद केलंस, म्हणालास तुला नाही झेपणार हे, मेटल आहे. मला वाईट वाटलं रे. कारण हे तुला मीच शिकवलंय. तू आठवीत होतास तेव्हा मीच ओरडले होते ना, बंद कर तो गोंगाट म्हणून.

आणि मी तर कशात वाढले! मिरजेत दर्ग्याच्या उरुसात चिंचेच्या झाडाखाली गाणं चालायचं, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या आठवणीत, ते १९३७ ला गेले, तिथेच त्यांची कबर आहे. आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून मी रात्र रात्र ऐकलंय, मधे झोप लागायची, जाग आली की तोच राग चालू असायचा. घरी आजीची काकडआरती, दुपारी स्वयंपाकघरात विविध भारती, बुधवारी रात्री ८ ला बिनाका गीतमाला, आणि रेडिओचा काटा जरा सरकला की धारवाड लागायचं, मग कन्नडचा एक शब्द कळत नसताना मी वचनं, म्हणजे त्यांच्या शिवभक्तांची पदं, ऐकत बसायचे. हे चांगलं ते वाईट असं डोक्यातच नव्हतं, कानावर पडेल ते ऐकायचं.

नववीत गाण्याचा क्लास लावला. तिथल्या सरांनी एकदा मला लावणी गुणगुणताना ऐकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, असलं ऐकून कान नासतो. इतकी लाज वाटली की दोन वर्षं मी रेडिओला हात लावला नाही. माझं गाणं काही त्याने सुधारलं नाही, ती दोन वर्षं तेवढी कोरडी गेली. ढोलकीचा आवाज आला तरी मी खिडकी लावून घ्यायचे, आणि पुढे आई झाल्यावर तेच तुझ्याशी केलं.

आता मुख्य सांगते. गेल्या महिन्यात तानपुरा घेऊन सतारमेकर गल्लीत गेले होते, जवारी, म्हणजे तारेचा तो घुमणारा झणकार, पार गेली होती, तार छेडली की नुसतं टक्क वाजायचं. तिथल्या वाद्यं बनवणाऱ्या काकांनी घोडी, तारा टेकतात ती पट्टी, कानशीने अगदी हलक्या हाताने घासली, परत परत तार छेडून कान लावून ऐकलं, मग तारेखाली सुती दोरा घालून तो केसभर पुढे, केसभर मागे असा सरकवत राहिले. आणि एका जागी आवाज एकदम उघडला! चारच तारा, प सा सा सा, पण खर्जातून गंधार स्वच्छ ऐकू यायला लागला, तो कुणी लावलेलाच नसतो. अंगावर काटा आला.

रात्री तू पूर्वी पाठवलेली ती लिंक शोधून काढली, हेडफोन लावून पूर्ण ऐकली, दोनदा. पहिल्यांदा जड गेलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्यांदा गिटारची ती खरखर ऐकताना वाटलं, अरे ही तर जवारी आहे! तूच एकदा सांगितलं होतंस की डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका केल्यामुळे, एका तारेतून वरचे कितीतरी स्वर निघतात, म्हणून पॉवर कॉर्डमधे फक्त मूळ स्वर आणि पाचवा घेतात, बाकीचे घातले तर गिचका होतो. म्हणजे सा आणि प च ना रे! माझ्या तानपुऱ्यात आहेत तेच. तू सांगत होतास तेव्हा मी भाजी चिरत नुसती मान हलवली होती. तो गायक ओरडतो ते मला अजून पटत नाही, पण ड्रमवाला मधेच मात्रा उलटीपालटी करून नेमका समेवर येतो तिथे माझी मान आपोआप डोलली, आपल्या गल्लीतला हलगीवाला यायचा तसाच.

ते गाणं ७ मिनिटांचं आहे, साधारण ४ मिनिटांनंतर सगळं थांबतं आणि एकटी गिटार हळू वाजते, तिथे काय सूर आहेत ते मला समजावून सांग. दिवाळीला येशील तेव्हा तुझा मोठा स्पीकर घेऊन ये. तानपुरा लावून ठेवते, त्याचा सा तुझ्या गिटारला जुळतो का बघू.

तुझी,
आई