खोडलेला आकडा

संपादक महोदय,

मोठा आकडा छापून तो खोडला की खालचा भाव स्वस्त वाटतो. वस्तू तीच, पण पहिला आकडा मनात रुतून बसतो आणि तुलना त्याच्याशीच होते. म्हणून लेबल पाहण्याआधी आपल्याला ती वस्तू कितीला परवडेल ते लिहून ठेवावं. भाव पाकिटाचा नव्हे, १०० ग्रॅमचा काढावा. पाकीट तेवढंच ठेवून आतलं वजन घटवतात.

विकतानाही मन फसवतं, पण कारण वेगळं: वस्तू आपली झाली की ती जास्त मोलाची वाटते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांच्या १९९० मधल्या प्रयोगांत, नुकताच हाती आलेला कॉफीचा साधा मग विकायला लोकांनी घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत मागितली!

खोडलेल्या किमतीला वस्तू कधी विकली होती, त्या तारखा शेजारी छापणं सक्तीचं करावं, ही कळकळीची मागणी.

– एक वाचक